बुरमाकान आपाचा कबरीवरचा फोटो

डोंगरातल्या नारीन गावच्या बाजारात एसेनकुलचा फोटो स्टुडिओ तीस वर्षं चालला आणि नंतरची दोन वर्षं नुसता उघडा राहिला. बायको उमसुनाय वारली आणि त्याच्या फोटोंतला जीवच गेला. उगीच वाढवून सांगत नाही. नवरी असो की तान्हं बाळ, प्रत्येकाचं तोंड पासपोर्टावरच्यासारखं. माणसानं करायचं तरी काय काय? नवी लेन्स घेतली, दिवे बदलले, कुरणावर जाऊन घोड्यांचे फोटो काढले. घोडेसुद्धा कंटाळलेलेच आले. शेवटी, बर्फ पडायच्या आत दुकान बंद करायचं त्यानं ठरवलं.

त्याच आठवड्यात बुरमाकान आपा, म्हणजे गावाची आजीच, आली. वय ऐंशीच्या पुढं, डोक्याला म्हाताऱ्या बायका बांधतात तसा पांढराशुभ्र फेटा. तिच्या नवऱ्याच्या कबरीवरच्या काळ्या दगडात त्याचा चेहरा कोरलाय आणि शेजारची जागा तिच्यासाठी कोरी सोडलीय. तिथला फोटो तिला जिवंतपणीच, स्वतः पसंत करून हवा होता. पोरांवर तिचा काडीचा भरवसा नव्हता.

"पासपोर्टातलं तोंड कोरून मोकळी होतील," ती म्हणाली. "मग म्हातारा म्हणेल, ही कोण बाई माझ्याशेजारी आणून निजवली?"

एसेनकुलनं मनाशी ठरवलं, हा एक फोटो जमला तर दुकान ठेवायचं, नाहीतर उद्याच कुलूप. तो कॅमेऱ्यामागे वाकला आणि नऊ फोटो काढले. आपानं एकेक नीट पाहिला.

"ही मेलेली बाई आहे, लेकरा. इतकी कसली घाई?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीवर त्याचेच जुने फोटो होते, हसणारे, रडणारे, लाजणारे. ते दाखवून त्यानं विचारलं, तेव्हा माझ्यात असं काय होतं? आपा उठून भिंतीजवळ गेली. तिच्या धाकटीच्या लग्नाचा फोटोही तिथेच होता.

"तुझ्याकडे कोण बघतंय यात?"

त्यानं पाहिलं. खरंच, एकही जण कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. सगळ्यांची नजर जरा बाजूला. तिथे उमसुनाय उभी असायची, उजेड परतवायला पांढरं कापड धरून. नवरीला सासूबद्दल विचारायची, म्हाताऱ्यांना मेंढ्यांबद्दल. अखंड टकळी! हाच तिच्यावर खेकसायचा, गप्प बस, मला काम करू दे.

"आम्ही तिच्याशी बोलायचो," आपा म्हणाली. "तू आपला मधेच बटण दाबायचास."

तो स्टुलावर बसला. तुझ्या हातात जादू आहे असं लोक म्हणायचे आणि हा शहाणा ते खुशाल ऐकून घ्यायचा. उमसुनायनं एकदाही खोडून काढलं नव्हतं. ते त्याला फार लागलं.

मग तो उठला. कॅमेरा तिवईवर बसवला, बटणाची लांब वायर हातात घेतली आणि उमसुनायच्या जागी जाऊन उभा राहिला. आता बोलायचं काय? बोलका तो कधीच नव्हता. आपा परत खुर्चीवर येऊन बसली.

"आपा," तो कसाबसा म्हणाला, "दोन वर्षं घरात मी तोंडच उघडलेलं नाही. परवा शेजाऱ्यानं हाक मारली, तर आवाज फुटेना. म्हातारा गेल्यावर तुम्ही कुणाशी बोलायचात?"

"गाईशी. दूध काढताना. ऐकून घ्यायची बिचारी, पण मधेच लाथ झाडायची. अगदी त्याच्यासारखी."

बोलता बोलता तिला हसू आलं आणि डोळेही भरले. त्यानं बटण दाबलं.

हा कोरायला दे, असं बजावून आपा घरी गेली. एसेनकुल एकटाच फोटो समोर घेऊन बसला. फोटो जमला होता, दुकान राहणार होतं, पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतं. फोटोत आपाची नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, तो उभा होता तिथे, त्याच्यावरच होती. उमसुनाय गेल्यापासून त्याच्याकडे असं कुणी पाहिलंच नव्हतं, आणि दोन वर्षं आपल्याला चांगला फोटो नव्हे, अशी एक नजर हवी होती, हे त्याला आत्ता कळलं.