नव्या साडीची पहिली घडी

लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी गावातल्या सगळ्यात भारी साड्या नेसले. इरकल नेसले, येवल्याची पैठणी नेसले, नायलॉन निघालं तेव्हा नायलॉन नेसले. त्यातली एकही माझी नव्हती.

आमचं गाव आखाडा बाळापूरहून चालत जाण्यासारखं. घरधनी बाळापुरात पिठाच्या गिरणीवर कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांपर्यंत पांढरे झालेले असायचे. माझ्याजवळ दोन सुती पातळं होती, एक अंगावर आणि एक दोरीवर. पोलकं मात्र मी पांढरं शिवून घेतलं होतं, कारण पांढरं कशावरही चालतं. तेवढी हुशारी मला होती. बाकी मी चौथीपर्यंत शिकलेली आणि चार बायकांत तोंड न उघडणारी.

आमच्याकडं नवी साडी आणली की जिची तिनं ती आधी नेसायची नसते. दुसऱ्या एखाद्या सवाष्णीला नाहीतर लेकीला नेसायला देतात. तिनं काठाला हळदीकुंकवाचं बोट लावायचं, साडी नेसून मारुतीला जाऊन यायचं, चार मोठ्या माणसांच्या पाया पडायचं आणि साडी परत करायची. त्याला घडी मोडणं म्हणतात. जिचा पायगुण चांगला, तिच्याकडून घडी मोडून घेतली की साडी लाभते.

माझा पायगुण चांगला ठरला तो एका म्हशीमुळं. दुष्काळ सरून पीकपाणी बरं आलं होतं आणि शेजारच्या मावशींनी बाजारातून एक साडी आणली होती. मी नवीन सून, दारात उभी होते, म्हणून मलाच हाक मारली. मी साडी नेसून देवाला जाऊन आले, तर त्याच संध्याकाळी मावशींची हरवलेली म्हैस आपल्या पायानं घरी आली. ती भूक लागली म्हणून आली असणार. पण मावशींनी गल्लीभर सांगितलं, "पोरीचा पाय सोन्याचा हाय गं बाई!"

तेव्हापासून कोणाकडं नवी साडी आली की मला बोलावणं यायचं. मी आंघोळ करून, पांढरं पोलकं घालून जायची. कोरी साडी उलगडताना जो वास येतो, खळीचा आणि दुकानातल्या कागदाचा, तो मला अजून कुठं आला की मी थांबते. पहिली घडी माझ्याच हातानं उलगडायची. निऱ्या धरताना रेशीम कसं बोटांतून निसटतं, इरकलचा पदर खांद्यावर कसा जड बसतो, नायलॉनला निरी कशी ठरत नाही, हे मला सगळं कळायला लागलं. मी माझे नियम केले होते. दुसऱ्याची साडी अंगावर असताना चुलीजवळ जायचं नाही, चहा घ्यायचा नाही, कोणाचं लेकरू कडेवर घ्यायचं नाही. दुपारच्या आत साडी मूळच्या मोडीवर घडी घालून परत. बदल्यात खोबऱ्याची वाटी, कधी गुळाचा खडा मिळायचा. मला तेही नको असायचं. मारुतीच्या पारापासून आमच्या दारापर्यंत यायचं तेवढंच पुष्कळ होतं. एरवी मी भिंतीकडंनं चालायची, पण त्या दिवशी रस्त्याच्या मधून चालायची.

एखाद्या दिवशी घरधनी घरी असले की दारात थबकून म्हणायचे, "कोण पाहिजे पाटलीणबाई? आमची मंडळी काय घरी न्हाई."

"मंग बसते जराशी," मी म्हणायची.

"बसा, पण आमी पिठाचे माणसं. लांबच बसा."

मी त्यांच्याशी तेवढीच बोलायची. तेही अशा नव्या साडीच्या दिवशीच जास्त.

आमच्या गल्लीच्या टोकाला मोठं घर होतं. त्या घरच्या काकूंना एकच लेक, आणि त्याची बायको नांदेडची, शिकलेली. तिला सगळे वहिनी म्हणायचे. लग्नाला तीन-चार वर्षं झाली होती, पण मूलबाळ नव्हतं. त्यावरून कोणी काही बोललं की वहिनी उठून आत जायची. एकदा तर दोन दिवस जेवली नव्हती, असं ऐकलं होतं.

एका सकाळी वहिनी खरेदीला हिंगोलीला गेली होती. तिच्या भावाचं लग्न ठरलं होतं. ती गेल्यावर काकूंनी मला बोलावलं आणि दार लोटून घेतलं. पलंगावर बनारसी शालू होता, डाळिंबी रंगाचा, अंगभर जरीच्या बुट्ट्या. असा शालू मी दुकानातसुद्धा पाहिला नव्हता.

"सुनेच्या पेटीतला हाय," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "भावाच्या लग्नात नेसायला ठिवला असंल. तू घडी मोड. तुझ्या पायगुणानं माझ्या घरात पाळणा हलू दे."

"वहिनीला विचारलं का?"

"तिला काय विचारू? पाळण्याचं नाव काढलं की रडती. तू आपली देवाला जाऊन ये. ती दुपारच्या गाडीनं यायच्या आत ठिवून देऊ. आन् पाळण्याचं कोणाला बोलू नको, माझी आण हाय."

मी शालू नेसले. त्याचं वजन मला अजून आठवतं. निऱ्या खोचल्या तेव्हा वाटलं, कोणीतरी मला कमरेला घट्ट धरून उभं केलंय. मारुतीला गेले, काकूंच्या सुनेसाठी मनापासून मागितलं आणि रस्त्याच्या मधून परत निघाले.

वहिनीला हिंगोलीत कोणाची तरी जीप मिळाली होती. ती मोठ्या घराच्या दारात उतरत होती आणि मी समोरून येत होते. ती माझ्याकडं बघून आधी हसली, कारण मी अशी नेहमीच दिसायची. मग तिची नजर बुट्ट्यांवर गेली.

"हा शालू माझा आहे," ती म्हणाली. "तुमच्या अंगावर कसा?"

मी काकूंकडं पाहिलं. त्या दारातच होत्या.

"हा माझ्या भावजयीला द्यायचा होता. मी भावाच्या बायकोला आहेर म्हणून घेतला होता. आता घडी मोडलेली साडी आहेरात कशी देऊ मी?"

काकूंचा चेहरा उतरला. त्यांना हे माहीतच नव्हतं. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. काकू म्हणाल्या, "म्या कसर लागू नये म्हणून उन्हात टाकायला दिला व्हता. हिनं नेसला वाटतं."

खरं सांगायचं म्हणजे सगळ्या गल्लीसमोर पाळण्याचं बोलावं लागलं असतं, आणि वहिनी समोरच उभी होती. मी आत जाऊन शालू सोडला, मूळच्या मोडीवर घडी घातली आणि माझं पातळ नेसून घरी आले.

घरी सगळं सांगितलं. घरधनी पीठ झटकत उठले. "मी जाऊन बोलतो. चोरीचा आळ घेऊन बसणार व्हय तू?"

"नका जाऊ."

"काहून?"

"त्या पोरीला लागंल."

"आन् तुला न्हाई लागून राहिलं?"

मी त्यांचं ताट वाढलं. ते पुन्हा खाली बसले.

त्यानंतर मला कोणी बोलावलं नाही. कोणी तोंडावर बोलायचंही नाही. फक्त एकदा आडावर एक बाई दुसरीला म्हणाली, "दोरीवरचं सांभाळून गं, माणसाला नेसायची लई हौस असती." दोघी हसल्या. मावशींनीसुद्धा त्यांच्या नव्या साडीची घडी पुतणीकडून मोडून घेतली. मला रेशमाची आठवण यायची, हे खरं आहे. पण त्याहून जास्त मला रस्त्याच्या मधून चालण्याची आठवण यायची. मी पुन्हा भिंतीकडंनं चालायला लागले.

भावाचं लग्न होऊन वहिनी परत आली. भावजयीला तिनं दुसरी साडी दिली आणि शालू स्वतःच नेसली होती, असं कळलं. नंतर एकदा नदीवर धुणं धुताना आम्ही दोघीच होतो. ती माझ्या शेजारच्या दगडावर आली.

"खरं सांगा. तुम्ही आपल्या मनानं नेसला का?"

मी धुणं पिळत राहिले.

"आमच्या सासूबाईंनी दिला ना?"

"काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं," मी म्हणाले.

ती पाण्यात पाय सोडून बसली. मग म्हणाली, "पाळण्यासाठी ना?" मी मान खाली घातली. मला वाटलं, आता रडेल. पण ती म्हणाली, "एवढं होतं तर मलाच सांगायचं. मीच तुम्हाला बोलावलं असतं."

नागपंचमीला लिंबाच्या झाडाला झोके बांधले होते. सगळ्या बायका जमल्या होत्या, मी मागं उभी होते. तेवढ्यात काकू आल्या. हातात कोरं लुगडं, हिरवं, रुईफुली काठाचं, त्यांचं स्वतःचं. मागं वहिनी होती. काकू सरळ माझ्यापुढं आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घे. घडी मोड."

आडावर बोललेली ती बाई म्हणाली, "अवो काकू, हिच्याकडून?"

"हिच्याकडूनच. तवाचा शालू बी म्याच नेसवला व्हता. आन् खोटं बी म्याच बोलले. अजून काय इचारायचं?"

माझे कान तापले. मला एवढंच सुचलं, "काकू, मला नऊवारी नेसता येत नाही."

"अगं माय! पैठण्या मिरवल्या आन् लुगडं येत न्हाई?" काकू म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या, मीसुद्धा.

काकूंनी मला जवळच्या घरात नेलं. त्या गुडघ्यावर बसून माझा काष्टा घालत होत्या आणि वहिनी पदर धरून उभी होती. काकू खालूनच पुटपुटल्या, "ताठ उभी राहा. किती वाकती."

ते लुगडं सुतीच होतं, शालूच्या पासंगालाही पुरलं नसतं. काष्ट्यात पाय मोकळे पडत होते आणि काठ पोटऱ्यांना घासत होता. मी मारुतीला गेले, काठाला बोट लावलं होतं ते देवाला दाखवलं आणि परत निघाले. झोक्यावरच्या पोरी बघत होत्या. गिरणीला सुट्टी होती, त्यामुळं घरधनी दारातच होते. त्यांनी मला लांबून पाहिलं आणि नेहमीसारखं काही म्हणायला तोंड उघडलं. मग नुसते बाजूला सरून उभे राहिले, आणि मी रस्त्याच्या मधून पुढं गेले, काकूंच्या घरापर्यंत.