सित्तानाचा भागीदार

सित्तानाचा तेलघाणा ओढणारा उंट म्हातारा झाला होता. दोन फेऱ्या झाल्या की बसकण मारायचा. आमच्या एल ओबेद शहरात त्या वर्षी पौंडाची किंमत अशी घसरत होती की सकाळची साखर संध्याकाळी महाग व्हायची, आणि बाहेरून येणारं तेल तर दिसेनासं झालं होतं. भुईमुगाच्या शेंगा मात्र पोत्यांनी पडलेल्या. यंत्राचा घाणा आला तर मोहल्ल्याला तेल मिळणार, नाहीतर सित्तानाला दाराला कडी लावावी लागणार.

इस्लामी बँकेचे अधिकारी बाबिकिर उस्ताज मदतीला तयार झाले. बँक यंत्र विकत घेणार, ताब्यात घेणार, मग ठरलेला नफा ठेवून तिला हप्त्यांवर विकणार.

"मी दुकानात जाऊन येईपर्यंत दम धरा, खाला," ते म्हणाले.

दम धरा, हे सांगत होते कुणाला! दुसऱ्याच दिवशी भाव वाढणार अशी आवई उठली. या बाईने हातातल्या बांगड्या दुकानदाराला दिल्या आणि यंत्र गाढवगाडीवर घालून घरी आणलं. उरलेली अर्धी किंमत गुरुवारपर्यंत द्यायची, नाहीतर यंत्र परत. मी समोरच चहा विकते. किटली हातात घेऊनच धावले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

उस्ताज आले आणि यंत्र पाहून मटकन खाली बसले.

"खाला, हे तुम्ही घेतलंत?"

"नाही, उंटाने घेतलं."

"आता मी तुम्हाला काय विकू? तुमचीच वस्तू तुम्हाला? नुसते पैसे देऊन जास्त परत घेतले, तर ते व्याज झालं, आणि व्याज आपल्याकडे हराम. बँक नाही देणार."

सित्तानाचा चेहरा पडला. मोकळी मनगटं चोळत ती यंत्राभोवती फिरली. मला तिचा राग आला होता आणि रडूही येत होतं.

मग ती थांबली. "विकू नकोस. माझ्याकडून अर्धं यंत्र विकत घे. नफा झाला तर वाटून घेऊ."

"आणि बुडालं तर?"

"तर तूही बुड. मी काय एकटीनेच बुडायचं?"

उस्ताज हसले नाहीत. मोटारसायकलला लाथ मारून निघून गेले. बुधवारी दुपारी मात्र गल्लीच्या टोकापासूनच हॉर्न वाजवत आले, आणि आम्ही ओळखलं. बँक भागीदार झाली होती. दुकानदाराचे पैसे त्याच दिवशी चुकते झाले.

यंत्र सुरू करायला अख्खी गल्ली जमली. शेंगदाणे ओतले, घरघर झाली, आणि पट्टा सटकला. सगळे दोन पावलं मागे सरले. उंट तेवढा मजेत रवंथ करत होता.

"बघतोस काय, भागीदार?" सित्ताना ओरडली. "हात लाव."

बाबिकिर उस्ताजांनी इस्त्रीच्या बाह्या वर सारल्या. दोघांनी पट्टा ओढून चढवला. यंत्र पुन्हा घरघरलं आणि तेल आलं ते थेट उस्ताजांच्या पांढऱ्या शर्टावर. मी किटली आपटून टाळ्या पिटल्या.

उस्ताज शर्टाकडे बघत राहिले.

सित्ताना म्हणाली, "घाबरू नकोस. साबणाचा अर्धा खर्च माझा."