बाबांनी पास केलेला निळा टीव्ही

मंडळी, माझं डोकं पार चक्रावलंय. तुम्हीच सांगा.

मला गेम खेळायला मोठा टीव्ही पाहिजे, बाबांना पिक्चर पाहायला. आज दोघं दुकानात गेलो. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर तेच पोपट. सेल्समन हर्ट्झ, एचडीआर, काय काय सांगून राहिला होता. मला सगळे सारखेच दिसले.

रिटायर झाल्यापासून बाबा प्रत्येक गोष्टीत "तुले वाटन ते कर" म्हणतात. आज मात्र स्वतः पुढे झाले.

"भैया, तोता हटाओ. पिघला हुआ स्टील दिखाओ."

त्यांची सगळी नोकरी प्लांटच्या भट्टीवर गेली. नुसता रंग पाहून स्टील किती तापलं ते सांगायचे. सेल्समनने तसा व्हिडिओ लावला. बाबा एकेका टीव्हीसमोर थांबत गेले. "हे कच्चं हाये. हेबी नाही." शेवटच्या टीव्हीपाशी चेहरा खुलला. "हे बराबर! हाच घे."

आता मी नीट पाहिलं, तर त्यावर सगळंच निळसर होतं, माणसंसुद्धा. मी "उद्या सांगते" म्हणून निघाले.

घरी विचारलं, "बाबा, तो निळा नाही दिसला तुम्हाले?"

त्यांनी कपाटातून एक गडद निळी काच काढली. "नोकरीभर यातूनच तं स्टील पाहत होतो. उघड्या डोळ्यानं भट्टीत कोन पाहते?"

आता ते टीव्हीसाठी भिंत मोकळी करून राहिले आहेत.

सेटिंगमधून निळा रंग काढता येतो, मला माहीत आहे. पण मग तो बाबांनी निवडलेला टीव्ही राहील का?