वामनकाकांची रेकॉर्ड मी रडवली

फजिती कबूल करायचीच आहे, तर चहा निवायच्या आत करून टाकतो.

डिंडोलीत आमच्या शेजारी वामनकाका राहतात. आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं. पण त्याआधी, तरुणपणी, ते मुंबईच्या एका हॉटेलात जॅझ वाजवायचे. तेव्हा एका पॉप गायिकेच्या रेकॉर्डवर त्यांच्या मंडळींनी साथ केली होती. "लोक जेवणाचं ताट सोडून नाचायला उठायचे," काका सांगत. रेकॉर्ड कुणी पाहिलेली नव्हती, त्यामुळे गल्ली गालात हसायची.

आणि ती मला जुन्या बाजारात सापडली! कव्हरवर गायिका, मागे ट्रम्पेट धरलेले काडीसारखे काका. मी एक जुना प्लेअरही घेतला आणि रविवारी अख्खी गल्ली काकांच्या ओट्यावर गोळा केली.

सुई टेकवली. आतून एका पुरुषाचा खोल, दुःखी आवाज आला. ट्रम्पेट तर म्हैस हंबरावी तसं.

"कव्हरवर तर बाई आहे," कुणीतरी म्हणालं.

"जॅझमध्ये असंच असतं," मी सांगून टाकलं. आता माझ्यासारख्या मिलमधल्या माणसाला जॅझमधलं काय कळतं?

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी कानातलं मशीन काढलं, पुसलं, परत लावलं. "इतकं रडकं वाजवलं होतं आम्ही?"

मला फार वाईट वाटलं. त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "काका, नवखे होतात तुम्ही. मनाला लावून घेऊ नका."

एवढ्यावर थांबावं ना? नाही. मी उभा राहून गल्लीला सांगितलं, "टाळ्या वाजवा, माणसानं प्रयत्न तर केला."

टाळ्या वाजल्या. काका खाली बघत बसले.

तेवढ्यात काकी चहा घेऊन बाहेर आल्या. "हे काय लावलंय? चाळीस वर्षं न्हाणीतून हेच गाणं ऐकतेय मी ह्यांच्या तोंडून. इतकं हळू नाही ते." ट्रे ठेवून त्यांनी प्लेअरचं वेगाचं बटण फिरवलं.

बाईचा आवाज उसळून वर आला. ट्रम्पेट असं सुटलं की दोन म्हाताऱ्या हातातल्या कपांसकट उठल्या. काका डोळे पुसत होते आणि पायानं ठेका धरत होते.

काकी माझ्याकडे वळल्या. रागावल्या की त्या अहिराणीत बोलतात.

"मिलमा काय काम करस रे तू?"



"मशीनचा स्पीड लावतो, काकी."