आतोबांचं दुपंखी विमान

पूर्वी विमानाला वरखाली दोन पंख असायचे, ते जाऊन एकच राहिला आणि तेव्हापासून जगाची शोभा गेली, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच असावा. आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आतोबा राहतात रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात. हयात कंपनीच्या शिफ्टा करण्यात गेली, पण मन कायम जुन्या आकाशात. आजच्या विमानांना ते 'उडत्या एष्ट्या' म्हणतात. शेजारच्या खतिजाचाचींचा मुलगा कुवेतला निघाला तेव्हा त्याला पोचवायला विमानतळावर गेले आणि काचेतून बघून मोठ्यांदा म्हणाले, "दुसरा पंख नाय, वरनं उघडं नाय. आपण उडतोय हे माणसाला कळायचं कसं?" चाची आधीच रडत होत्या, त्या आणखी रडायला लागल्या.

भाजी आणायला निघतानासुद्धा ते बोट ओलं करून वाऱ्याची दिशा बघतात. स्कूटरवर हेल्मेटऐवजी भर मे महिन्यात कानटोपी आणि गोल गॉगल. हवालदाराने अडवलं तर त्यालाच विचारतात, "वैमानिकाला कधी हेल्मेट बघितलंय काय?" दंड मात्र भरतात, आणि तोही हसत.

रिटायर झाल्यावर त्यांनी अंगणात खरंखुरं दुपंखी विमान बांधायला घेतलं. सांगाडा बांबूचा, इंजिन भंगारातल्या मोटरसायकलचं, पंखांना आत्याची जुनी पातळं. पेणच्या गणपती कारखान्यातल्या एका मित्राने ते लालभडक रंगवून दिलं आणि हाताच्या सवयीने पुढे दोन सुंदर डोळेही काढले. आतोबांनी ते राहू दिले. "बरंच झालं. दिसायला नको त्याला?"

कापणी झाल्यावर विमान टेम्पोत घालून गावाबाहेरच्या माळावर नेलं. सगळी अष्टमी जमली. आतोबा मागच्या जागेवर बसले आणि म्हणाले, "दोघांचं हाय हे. एकटा नाय उडणार." आम्ही सगळे इकडेतिकडे बघायला लागलो. तेवढ्यात आत्याने पदर खोचला.

"चला. तुमच्या स्कूटरवर बसते, त्याच्यापरीस यात काय वेगळं मरण!"

विमान धडधडत पळालं, एकदा उसळलं आणि थेट पेंढ्याच्या ढिगात शिरलं. आम्ही धावलो. आतून आधी आतोबांचा आवाज आला, "उडलं काय गो?"

मागोमाग तोंडातला पेंढा थुंकलेला ऐकू आला. मग आत्या म्हणाली, "व्हय. उडलं."

पेंढ्यातून आतोबा बाहेर आले ते नाचतच. संध्याकाळी घरोघरी पेढे वाटले. चाक आणि जमीन यांच्यामध्ये उजेड आमच्यापैकी कुणालाच दिसला नव्हता. पण पेढे सगळ्यांनी खाल्ले.

पुढच्या पावसाळ्यात कापड कुजलं. आता त्या बांबूंवर आत्याचं पडवळ चढलंय, आणि त्याच्या सावलीत बसून आतोबा येणाऱ्याजाणाऱ्याला उड्डाण सांगतात. दर वेळी विमान थोडं आणखी वर जातं. हल्ली बोलताना त्यांना दम लागतो, मग उरलेलं आत्या सांगते.

परवा ती पडवळं काढत होती. मी हळूच विचारलं, "आत्या, खरंच उडलेलं काय गो?"

तिचा हात थांबला. "डोळे गच्च मिटलेले रे माझे," ती म्हणाली. "पण पोटात गोळा आलेला. तो काय उगाच येतो?"