बेळगुंदीची न झालेली सून

मी घरच्यांपासून आयुष्यात एकच गोष्ट लपवली, आणि ती परीक्षा होती.

लोक सिगारेट लपवतात, सिनेमा लपवतात. मी अभ्यास लपवला! पुण्याच्या एका मॅनेजमेंट कॉलेजची प्रवेश परीक्षा मी आदल्या वर्षी एकदा दिली होती, तीही सीमाभागातल्या आमच्या सगळ्या वडगावला सांगून. बी.कॉम. होऊन असल्या परीक्षेला बसणारा आमच्या विणकर गल्लीतला मी पहिलाच. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निकालाची वाटसुद्धा न बघता परीक्षेच्या आदल्या दिवशीच पेढे वाटले. मग निकाल आला. मार्क इतके कमी होते की उरलेले मागच्या बाजूला छापलेत का म्हणून आप्पांनी कार्ड उलटं करून बघितलं.

आप्पा एका शब्दानं बोलले नाहीत. ती कसर गल्लीनं भरून काढली. मी दूध आणायला निघालो की माग थांबवून लोक विचारायचे, "काय मॅनेजर, कवा जाणार पुण्याला?" (आमच्या गल्लीत सणालासुद्धा माग थांबवत नसत!) शेवटी मी ठरवलं, परत बसायचं, पण या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. जमलं तर पुणं. नाही जमलं तर आप्पांच्या यंत्रमागावर उभं राहायचं आणि मरेपर्यंत 'मॅनेजर' म्हणवून घ्यायचं.

बेळगुंदीला माझ्या एका मित्राची काजूची बाग होती. दर रविवारी सकाळी सायकल काढून मी तिथं जायचो, झाडाखाली बसून घड्याळ लावून गणितं सोडवायचो आणि इंग्रजी शब्द पाठ करायचो. संशय नको म्हणून जाताना स्वच्छ शर्ट घालायचो, भांग पाडायचो. आता वाटतं, मळका शर्ट घातला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

"बेळगुंदीत काय ठेवलायस रं?" आईनं एकदा विचारलं.

"काय न्हाय. हवा चांगली हाय."

"वडगावात हवा न्हाय व्हय?"

त्यातच एका दुपारी मी झोपेत बडबडलो. आईनं ते सगळं ऐकलं आणि आप्पांना जाऊन सांगितलं, "झोपंत इंग्रजीत बोलालाय. पोरगी शिकलेली हाय!"

हे मला नंतर कळलं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की एक दिवस आप्पा कोपऱ्यातला जुना हातमाग पुसत होते. आमच्या घरची रीत अशी की येणाऱ्या सुनेची साडी सासऱ्यानं हातमागावर स्वतः विणायची. आईची साडी आजोबांनी त्याच मागावर विणली होती. त्यानंतर यंत्रमाग आले आणि तो माग बंदच पडला होता.

"आप्पा, हे कशाला?"

"काय न्हाय. हात चालतोय का बघालोय," आप्पा म्हणाले आणि आईकडं बघून हसले.

म्हणजे यांनी माझं लग्न परस्पर ठरवलंय! त्या दिवसापासून मला घरात येणारा प्रत्येक माणूस मुलीचा मामा वाटायला लागला. वीज खात्याचा माणूस मीटर बघायला आला, त्यानं माझ्याकडं जरा निरखून बघितलं, तर मी मागल्या दारानं पळालो. मी त्यांच्यावर नजर ठेवून, ते माझ्यावर. मागावर साडीचा हिरवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढला; आडवा बाणा तेवढा राहिला.

परीक्षेचं केंद्र कोल्हापूरला होतं. "मित्राचा पाय मोडलाय, बघून येतो," असं सांगून मी पहाटेची एस.टी. पकडली. काकती मागं पडलं तसा माझा जीव भांड्यात पडला. मागच्या सीटवर एक माणूस डोक्यावरून मफलर गुंडाळून झोपला होता. संकेश्वर गेलं, निपाणी आलं. गाडी थांबली आणि दारातून चक्क माझी आक्का चढली! आक्का, माझी थोरली बहीण, निपाणीतच दिलेली. ती माझ्या डोक्यावरून मागं बघत ओरडली, "आप्पा, कुठं बसलायसा?"

मफलर हलला. आत आप्पा होते!

एस.टी.त कुणीच कुणाकडं बघेना. मग आप्पा खाकरले. "मी सुतासाठी चाललोय. इचलकरंजीला."

"मी देवीला चाललोय," आक्का म्हणाली. (आमच्याकडच्या बायका 'चाललोय'च म्हणतात.) "आणि तू रं?"

"मित्राचा पाय मोडलाय."

"कुठला पाय?"

"डावा."

"घरात उजवा म्हटलावतास!" आप्पा म्हणाले.

इचलकरंजीचा फाटा आला, गेला. आप्पा जागचे हलले नाहीत. कोल्हापूरला उतरल्यावर मी देवळाचा रस्ता सोडून मुद्दाम उलट्या दिशेला वळलो, तर आक्काची देवीही त्याच दिशेला निघाली. मी पानपट्टीपाशी थांबलो की ती दोघं चपलेचा अंगठा बघत थांबायची. असं करत आमची मिरवणूक परीक्षेच्या कॉलेजपर्यंत पोचली.

आणि फाटकातच एक मुलगी थेट माझ्याकडं आली. "तुमच्याकडं जादा पेन्सिल आहे का?"

मी पेन्सिल दिली. तेवढ्यात आप्पा धापा टाकत आमच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"बाळ, तू बेळगुंदीची न्हवं?"

"नाही. साताऱ्याची."

"साताऱ्यापतोर गेलतास व्हय रं!" आक्का माझ्यावर खेकसली.

"असू दे, असू दे," आप्पा मुलीला म्हणाले. "घाबरू नगो. ताणा हिरवा चढवलोय. बाणा कुठल्या रंगाचा घालू, तेवढं सांग."

मुलगी पांढरीफटक पडली. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी मोठंच काहीतरी दडवून ठेवलंय. "अहो, हे पेपरात येणार आहे का? आमच्या पुस्तकात नाहीये हे!"

आत घंटा झाली. माझं डोकं फिरलं. "आप्पा, परीक्षा हाय ही! मी परीक्षेला आलोय!"

"कसली परीक्षा?"

"तीच. परत."

मुलगी तेवढ्यात पळाली. आप्पांनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"मग चोरून का?"

"परत न्हाय जमलं तर... गल्लीत तुम्हाला..."

"खुळ्या," आप्पा म्हणाले, "पेढं मी वाटलतो, तू न्हाय. लाज वाटायची ती मला वाटंल की."

मला भडभडून आलं. वर्षभर ज्या माणसाला तोंड दाखवायला मी घाबरत होतो, त्यानं माझी लाज कधीच आपल्या नावावर करून घेतली होती. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "जा, नीट लिही. आणि तिच्या शेजारचाच बाक बघ!"

मी पेपर लिहिला. खिडकीतून फाटक दिसत होतं, आणि फाटकाच्या गजांतून दोन चेहरे माझ्याकडं नाही, तर त्या मुलीकडं बघत होते. तशातही मला चांगले मार्क पडले आणि पुण्यात प्रवेश मिळाला.

गल्लीनं यातल्या एका अक्षरावर विश्वास ठेवला नाही. "परीक्षा म्हणे! मागावर ताणा उगीच चढलाय व्हय? पोरगी पुण्यात ऱ्हातीया, म्हणून चाललाय." आईही तोंडानं "न्हाय गं" म्हणायची, पण हसायची मात्र तशीच. प्रत्यक्षात त्या मुलीचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. ती दुसऱ्याच कुठल्या कॉलेजात गेली असावी, माझ्या पेन्सिलीसकट.

दोन वर्षांनी खरोखरचा मॅनेजर होऊन, नोकरीचं पत्र खिशात घालून मी घरी परतलो. दारात सगळी गल्ली जमली होती. आई आरतीचं ताट घेऊन पुढं आली, माझ्या खांद्यावरून तिनं मागं रिक्षात डोकावून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"एकटाच आलास?"

परीक्षेला मी दोनदा बसलो आणि दुसऱ्यांदा पास झालो, हे खरं आहे. पण घरच्यांच्या लेखी मी ज्या परीक्षेत कायमचा नापास झालो, तिला मी एकदाही बसलो नव्हतो!