गुरुवारची सुट्टी, रविवारची मॅच

आमच्या घरी रविवार गुरुवारी येतो. गावाकडून पाहुणे आले की हे दरवेळी समजावून सांगावं लागतं. माझे मिस्टर चाकणजवळ निघोज्याच्या बाजूला एका कंपनीत क्वालिटीला आहेत आणि त्यांच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सोसायटीतली निम्म्याहून जास्त घरं अशीच आहेत, लातूर, बीड, सोलापूरकडून पोटासाठी आलेली. त्यात निम्म्या बायका गुरुवार धरणाऱ्या. म्हणजे नवरा सुट्टीवर असला तरी घरात मटणाचा वास नाही, साबुदाण्याची खिचडी. आमच्या मजल्यावरच्या पुरुषांचं हे मोठं दुःख आहे.

दर गुरुवारी संध्याकाळी पार्किंगच्या मागे मोकळ्या जागेत बाप लोक आणि पोरं मिळून फुटबॉल खेळायची. फुटबॉल आपला नावाला. चपलांचा गोल, रेफरी कुणीच नाही, आणि बॉल कुणाच्या गाडीला लागला की खेळ बंद. माझी मुलगी तिथेच खेळायला लागली, तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. समोरून कुणी अंगावर आलं की ती पळता पळता थांबायची, बॉलवर पाय ठेवून तो मागे ओढायची आणि गर्रकन वळून भलतीकडूनच निघायची. दहातल्या सहा-सात वेळा बॉल जायचाच. पण उरलेल्या वेळी ती अशी सुटायची की मोठी माणसंसुद्धा बघत राहायची. आणि पळताना हसायची, चांगली मोठ्यानं. ज्यांच्या शेतावर आमची सोसायटी उभी आहे ते आजोबा रोज बाकावर बसून खेळ बघायचे. ते म्हणायचे, "ही पोरगी हाय का सरडा? गावतच न्हाई कुणाला!"

मी हे लिहितेय ते त्या हसण्यापायी. ते आता राहिलेलं नाही, आणि परत येईल असं मला वाटत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगी घरात बसून मोबाइलला चिकटेल म्हणून मी तिला संत तुकाराम नगरला फुटबॉलच्या क्लासला घातलं. तिथे दोन बॅच होत्या. एक हॉबी बॅच, म्हणजे यायचं, पळायचं, घामाघूम होऊन घरी जायचं. दुसरी मॅचवाल्यांची. त्या टीमला दर रविवारी सकाळी कुठे ना कुठे खेळायला जावं लागायचं, लीग असायची, जिंकणं-हरणं असायचं. सुट्टी संपता संपता तिथल्या सरांनी मला बाजूला बोलावलं. सर म्हणजे पोरगेलासाच, शिट्टी गळ्यात आणि डोक्याला उलटी टोपी.

"ताई, हिला मी मॅचच्या टीममध्ये घेतो. बाकीच्या मुली बॉल आला की घाबरून मारून टाकतात. ही ठेवून घेते. हे शिकवून येत नाही."

मी हो म्हणाले. नाही म्हणायला मी काय वेडी होते? मी निघाल्यावर ते मागून पुन्हा म्हणाले, "आणि ताई, घरी काही शिकवू नका हां. चुकू दे तिला भरपूर."

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आमच्या ह्यांना त्यातलं पहिलं अर्धंच ऐकू आलं. संध्याकाळी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले, गावी सासूबाईंना फोन झाला, नवे बूट आले. मीही काही कमी नाचले नाही.

अडचण एवढीच की मॅच रविवारी आणि हे रविवारी कामावर. रविवारी रजा मागितली की साहेब विचारायचे, गुरुवारी करता येण्यासारखं नाही का ते काम? त्यामुळे लेकीची मॅच ह्यांनी मैदानावर उभं राहून कधी पाहिलीच नाही. ते काम माझ्याकडे आलं. हे बजावायचे, "मॅच अख्खी मोबाइलमध्ये काढ. मध्ये बंद करू नकोस." मी रेषेच्या कडेला मोबाइल धरून उभी राहायची. बाकीच्या आया डबे उघडून बसायच्या, ओरडायच्या, टाळ्या पिटायच्या. टाळी वाजवली की मोबाइल हलतो, म्हणून मी वाजवायची नाही.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये हे तो व्हिडिओ बघायचे. पुढे घ्यायचे, मागे घ्यायचे. आणि गुरुवारी लेकीला घेऊन पार्किंगमध्ये उतरायचे.

इथे मला ह्यांच्याबद्दल नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की कुणी तरी कडक, मारका बाप आहे. तसं अजिबात नाही. ह्यांनी लेकीवर कधी आवाजसुद्धा चढवला नाही, ते खातं माझ्याकडे आहे. पण क्वालिटीच्या माणसाचं काम काय असतं? चांगला पीस त्याच्या हातात थांबत नाही, तो पुढे निघून जातो. थांबतो तो बिघडलेला. मग तो उलटा-सुलटा करून बघायचा, बिघाड कुठे झाला ते शोधायचं, आणि पुन्हा तसा होणार नाही अशी व्यवस्था करायची. हे काम त्यांनी मन लावून केलंय, त्याच्यावर आमचं घर उभं राहिलंय. "शिस्त नसती तर मी अजून गावात पानटपरीवर बसलो असतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. असा माणूस लेकीच्या मॅचमध्ये दुसरं काय बघणार?

त्यांनी पार्किंगच्या फरशीवर पिवळ्या टेपचे चौकोन केले. कंपनीत माणसानं कुठे उभं राहायचं, माल कुठे ठेवायचा, ह्यासाठी असतात तसेच. ह्या चौकोनात बॉल घ्यायचा, त्या चौकोनात द्यायचा. बरोबर गेला की हे म्हणायचे, "ओके." चुकला की शांतपणे तिच्याजवळ जाऊन बसायचे. "तुझी चूक नाही बाळा. पद्धत चुकतेय. आपण पद्धत बदलू."

पहिल्यांदा गेलं ते बॉल मागे ओढून वळणं. "सगळ्यात जास्त रिजेक्शन तिथेच आहे," ते मला मोबाइलवर दाखवत म्हणाले. आणि ते खरंच होतं. मग ठरलं की बॉल आला की दोन टचमध्ये जवळच्या मुलीला द्यायचा आणि मोकळं व्हायचं.

मी म्हटलं, "अहो, पोरगी आहे ती, पिस्टन नाही."

ते हसले. "अगं, पण कमी झालं की नाही बॉल जायचं?"

कमी झालं होतं. माणूस चूक वाढली तर भांडतो. चूक कमी झाल्यावर कशावरून भांडायचं? तिची टीम जिंकत होती, ती नीट खेळत होती. दुसऱ्या मुलींच्या आया मला म्हणायच्या, "तुमची किती शिस्तीत खेळते हो!"

मग एका रविवारी राजगुरुनगरला एका शाळेच्या मैदानावर मॅच होती. चाकणच्या चौकात अडकून आम्ही कशाबशा वेळेवर पोचलो. खेळ सुरू झाला आणि मोबाइलच्या पडद्यावर मला दिसलं की बॉल तिच्याकडे यायला लागला की ती आधी माझ्याकडे बघते. बॉलकडे नाही, गोलकडे नाही, माझ्या हातातल्या मोबाइलकडे. मला वाटलं योगायोग असेल. पुन्हा बॉल आला, पुन्हा बघितलं. मी घाईघाईनं मोबाइल पर्समध्ये टाकला. पुढचा बॉल आला तेव्हा तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा कावराबावरा झाला की मला भर उन्हात थंडी वाजली.

घरी आल्यावर मी हे सांगितलं. हे म्हणाले, "मग जरा लांबून काढत जा."

माझ्या जिभेला तसंही हाड नाही. त्या दिवशी मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. कंपनीचा, क्वालिटीचा आणि पिवळ्या टेपचा मी उद्धार केला. मग हे म्हणाले, "बरं. बंद करू." आणि खरंच बंद केलं. पुढच्या गुरुवारी ते पेपर वाचत घरातच बसले. मला वाटलं, सुटलो.

चहा ठेवून मी खिडकीतून खाली बघितलं. बाकीची पोरं पलीकडे गोंधळ घालत खेळत होती. माझी एकटीच पिवळ्या चौकोनात उभी होती. भिंतीवर बॉल मारत होती, परत आलेला अडवत होती, आणि दरवेळी ओठ हलवत होती. मी खाली गेले. ती स्वतःशीच "ओके" म्हणत होती.

"त्यांच्यात जा ना खेळायला," मी म्हटलं.

"नको मम्मी. ते बॉल वाया घालवतात."

मी ती टेप नखांनी खरवडून काढली. फरशीवर चिकट चौकोन तसेच राहिले आणि त्यांच्यावर धूळ बसून ते आणखीच उठून दिसायला लागले.

सरांनी विचारलं, "ताई, घरी काही झालं का? ही आता बॉल ठेवतच नाही." मी खरं ते सांगितलं. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग तिला बोलावून म्हणाले, "बेटा, आजच्या मॅचमध्ये तू पाच वेळा बॉल घालवायचा. मुद्दाम. घालवलास की कॅडबरी माझ्याकडून." चोरी करायला सांगितल्यासारखी ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्या मॅचमध्ये तिनं एकही बॉल घालवला नाही.

शेवटच्या मॅचला तर तिनं मला बजावून सांगितलं, "मम्मी, व्हिडिओ काढ. पप्पांना दाखवायचाय." मी काढला. मॅच संपत आली असताना समोरची गोलकीपर पाय घसरून आडवी झाली. बॉल माझ्या पोरीच्या पायात होता आणि समोर अख्खा गोल उघडा. आमच्या बाजूच्या सगळ्या बायका किंचाळल्या, "मार!" तिनं शेजारच्या मुलीला बघितलं आणि तिच्या पायात बरोबर, सरळ, स्वच्छ पास दिला. त्या मुलीनं मारला तो बाहेर गेला.

नव्या लीगच्या टीममध्ये तिला घेतलं नाही. सरांनी चांगल्या शब्दांत सांगितलं. म्हणाले, पुन्हा हॉबी बॅचला येऊ दे, मोकळी होऊ दे. आम्ही दोघंही तिला म्हणालो, "बरं झालं, टेन्शन गेलं, आता मजा कर." फ्रीजमध्ये ठेवलेली मजा काढून द्यावी तसं बोललो. दोन-तीनदा ती गेली. तिथली बारकी पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती, खिदळत होती. ही कडेला उभी राहून, बॉल आला की जवळच्याला देत होती. घरी येताना स्कूटीवर मागे बसून ती म्हणाली, आता नाही जायचं. मी आग्रह केला नाही. कोणत्या तोंडानं आणि कशासाठी करायचा?

त्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी ती ह्यांच्या शेजारी सोफ्यावर जाऊन बसली. "पप्पा, शेवटच्या मॅचचा व्हिडिओ तुम्ही बघितलाच नाही."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. व्हिडिओ सुरू झाला. ती बोट ठेवून दाखवत होती. "हा बघा, ओके. हा पण ओके." उघड्या गोलपाशी आली तेव्हाही तिचा आवाज बदलला नाही. "हा पण ओके." व्हिडिओ संपला.

"एक पण बॉल गेला नाही माझा. मग मला का काढलं?"

मला वाटलं आता तरी हे तिला जवळ घेतील. तेवढ्यात त्यांचा अंगठा सवयीनं पडद्यावर गेला आणि त्यांनी व्हिडिओ थोडा मागे घेतला. डोळे भरून आले होते, त्यांना नीट दिसतही नसणार. ती त्यांच्या दंडाला टेकून, मान पुढे काढून, अगदी मन लावून बघत होती.

"अजून थोडं मागे घ्या ना पप्पा," ती म्हणाली. "चूक तिथे असेल."